जिरार्ड यांच्या घरातील गव्हाणी

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की आमच्या वसईतल्या आळीआळीतून मुलांची लगबग सुरू होते. कुणी तेलाच्या रिकाम्या डब्यात नाचणी पेरून ठेवतो, कुणी भाताचा पेंढा जमवतो, कुणी माळ्यावर धूळ खात पडलेली मेंढरे खाली काढून त्यांचे मोडके पाय चिकटवीत बसतो. आगमनकाळ संपेपर्यंत नाचणीचे हिरवे शेत उभे राहते आणि त्या शेताच्या कडेला बेथलेहेम वसते. हे बेथलेहेम मोठे मौजेचे असते. त्यात रहाट असतो, केळीची बाग असते, बैलगाडी असते, आणि हल्ली तर मोटारसायकलही असते. पवित्र मरिया आणि संत योसेफ यांच्या शेजारी डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई उभी असते. या कालविपर्यासाबद्दल मुलांना कुणी टोकलेच, तर येशू आमच्याच वाडीत जन्मला असे ती सांगतात. हे उत्तर आम्ही स्वतः ऐकले आहे.

गव्हाणीची ही रीत आसिसीच्या संत फ्रान्सिसाने १२२३ साली ग्रेच्चो गावी घातली, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेथे बैल होता, गाढव होते, गवत होते. पुढे इटलीत या रीतीला बहर आला आणि अठराव्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी तर कमाल केली. त्यांच्या गव्हाणीत बाळ येशूला शोधावे लागते. कारण त्याच्याभोवती सारे नेपल्स गोळा झालेले असते. मासे विकणारे, खाटीक, खानावळवाले, भिकारी, वाजंत्री, भांडणाऱ्या बायका, आणि त्या सर्वांच्या वर रेशमी वस्त्रांतले देवदूत. ज्या शहरात आपण राहतो त्याच शहरात तारणारा आला, असा त्यामागचा भाव.

याच खेळातून ज्याची दृष्टी घडली अशा एका गृहसजावटकाराची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. गृहसजावट हा विषय या त्रैमासिकात थोडा परका वाटेल. पडदे कोणत्या रंगाचे असावेत आणि दिवाणखान्यात काय मांडावे याची चर्चा श्रीमंतांच्या मासिकांनी करावी, असा आमचाही समज होता. परंतु अलेक्झांडर जिरार्ड यांचे चरित्र वाचताना आम्ही त्यात गुंतलो, आणि शेवटी एका प्रश्नापाशी येऊन अडलो. तो प्रश्न यथावकाश येईलच.

जिरार्ड यांचा जन्म २४ मे १९०७ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आई अमेरिकन, वडील इटलीचे. बालपण फ्लॉरेन्समध्ये गेले. वडील जुन्या कलावस्तूंचे जाणकार, त्यामुळे घरात वस्तूंची ये-जा सतत चालू. त्या घरातील नाताळची गव्हाण ही जिरार्ड यांच्या वस्तुसंग्रहाच्या छंदाची पहिली पायरी. मातीच्या बाहुल्या मांडाव्यात, त्यांच्यामागे डोंगर उभा करावा, दिवा कोठून यावा हे ठरवावे, पुन्हा सगळे मोडून नव्याने मांडावे, हा उद्योग ज्या वयात इतर मुले करून विसरतात त्या वयात या मुलाला तो कायमचा चिकटला. घरातली मंडळी आणि पुढे स्नेही त्यांना सांद्रो म्हणत.

१९१७ साली, म्हणजे पहिले महायुद्ध चालू असताना, दहा वर्षांच्या सांद्रोला इंग्लंडमधील वसतिगृहाच्या शाळेत धाडण्यात आले. फ्लॉरेन्सच्या उन्हातून उचललेल्या मुलाला ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना वसतिगृहात वाढलेल्या आमच्या वाचकांना सहज करता येईल. तेथे त्याने एक काल्पनिक देश निर्माण केला. त्याचे नाव फाइफचे प्रजासत्ताक. या देशाला ध्वज होते, नकाशे होते, टपालाची तिकिटे होती, स्वतंत्र लिपी होती, आणि घरच्या माणसांशी त्या लिपीत पत्रव्यवहार चाले. घर हरवलेल्या मुलाने कागदावर घर बांधले, असे कुणी म्हणेल. आम्हांला त्यात एवढेच दिसते की परकी जागा आपलीशी करण्याची विद्या तो तेव्हाच शिकू लागला होता.

त्यानंतरची वर्षे आपण झरझर ओलांडू. लंडन येथे वास्तुशास्त्राचे शिक्षण, १९२९ साली पदवी. मग रोममध्ये आणखी अभ्यास. १९३२ साली अमेरिका. १९३६ साली सुसान नीडहॅम यांच्याशी विवाह. १९३७ साली डेट्रॉइट. मोटारींच्या या शहरात त्यांनी रेडिओच्या पेट्यांपासून घरांपर्यंत अनेक गोष्टींची रचना केली आणि तेथेच चार्ल्स ईम्स या तितक्याच उद्योगी माणसाशी त्यांची मैत्री जमली. १९४९ साली डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात त्यांनी ‘आधुनिक जगण्यासाठी’ अशा आशयाचे एक मोठे प्रदर्शन मांडले. त्या काळी आधुनिक घर म्हणजे पांढरी भिंत, पोलादी खुर्ची आणि भिंतीवर काहीही नाही, असा एक कर्मठ पंथ बोकाळला होता. अलंकार हा जणू गुन्हाच ठरला होता. जिरार्ड स्वतः आधुनिक वास्तुकार. त्यांनी पांढरी भिंत मोडली नाही. मात्र त्या भिंतीपुढे मेक्सिकोतील मातीचा घोडा, इटलीतील नवसाचे चांदीचे हृदय आणि मुलाच्या खेळण्यातली आगगाडी एका ओळीत नेऊन ठेवली.

एवढे सांगितले म्हणजे वाचकाच्या डोळ्यांपुढे भंगारवाल्याचे दुकान उभे राहील. तसे ते नव्हते. ज्याला ‘सर्वसंग्राहक’ पद्धत म्हणतात, म्हणजे अनेक काळांच्या आणि अनेक देशांच्या वस्तू एका खोलीत आणण्याची पद्धत, तिचा खरा कस त्या वस्तूंमधल्या मोकळ्या जागेत लागतो. जिरार्ड यांचे काही आडाखे होते. भिंत आणि जमीन शांत ठेवावी. सारख्या जातीच्या लहान वस्तू एकत्र आणाव्यात, म्हणजे एकटी असताना क्षुल्लक वाटणारी वस्तू समूहात बोलू लागते. रंग भडक असला तरी चालेल, पण तो नेमक्या जागी यावा. आणि कोणतीही मांडणी कायमची समजू नये. ऋतू बदलला, घरात नवे माणूस आले, कुणी गेले, की मांडणी बदलली पाहिजे. हा शेवटचा नियम आम्हांला विशेष वाटतो. आमच्याही घरांतून उपवासकाळात वेदीवरची फुले उतरतात आणि पुनरुत्थानाच्या रात्री पुन्हा चढतात. घराने वर्षाबरोबर चालावे ही गोष्ट आम्हांला शिकवावी लागत नाही.

या पद्धतीचा सर्वोत्तम नमुना इंडियाना राज्यातील कोलंबस या छोट्या गावी आहे. जे. अर्विन मिलर हे तेथील डिझेल इंजिनांचे मोठे कारखानदार. गृहस्थ प्रॉटेस्टंट पंथाचे, अत्यंत धर्मशील. अमेरिकेतील चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचे १९६० ते १९६३ या काळात ते अध्यक्ष होते आणि त्या पदावर आलेले पहिलेच प्रापंचिक. त्यांनी व त्यांच्या पत्नी झीनिया यांनी आपले घर बांधावयास ईरो सारिनेन यांना सांगितले. बागेची आखणी डॅन काइली यांची, आतली सजावट जिरार्ड यांची. १९५७ साली घर पुरे झाले. सपाट छपराचे, काचेचे, बाहेरून काहीसे थंड भासणारे हे घर आत शिरताच ऊबदार होते. दिवाणखान्याच्या मधोमध जमीन चौकोनी खणून खाली उतरवली आहे आणि त्या खोलगट जागेत चारही बाजूंनी बैठक केली आहे. तेथे बसलेली माणसे एकमेकांसमोरच येतात. त्या बैठकीवरच्या उशा हिवाळ्यात एका रंगाच्या आणि उन्हाळ्यात दुसऱ्या. एका बाजूला ५० फूट लांबीचे भिंतभर कपाट आहे. त्यात पुस्तके, खेळणी, कुटुंबाच्या प्रवासातल्या वस्तू, काही उघड्या, काही झाकलेल्या.

मिलर दांपत्याला पाच मुले. जिरार्ड यांनी या कुटुंबासाठी एक गालिचा रेखला, त्यावर त्या घराण्याशी निगडित अशी चिन्हे विणली. जेवणाच्या खुर्च्यांवरच्या गाद्यांना घरातल्या माणसांच्या नावांची आद्याक्षरे दिली, आणि ते भरतकाम झीनिया मिलर यांनी आपल्या मैत्रिणींसह स्वतः केले. येथे आम्ही थांबलो. एका कोट्यधीशाच्या पत्नीला हवे ते विणकाम जगातल्या कोणत्याही कारागिराकडून करवून घेता आले असते. सजावटकाराने आकृती काढून दिली, परंतु सुई घरच्या बाईच्या हातात ठेवली. जिरार्ड आणि मिलर कुटुंब यांचा पत्रव्यवहार पुढेही दीर्घकाळ चालू राहिला: या पडद्याला कोणते कापड, त्या कोनाड्यात काय. आज हे घर खाजगी राहिलेले नाही. पती २००४ साली आणि पत्नी २००८ साली निवर्तल्यावर कुटुंबाने ते इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयाकडे सोपवले आणि २०११ पासून ते लोकांस पाहावयास खुले झाले.

जिरार्ड यांनी स्वतःसाठी मात्र काचेचे घर बांधले नाही. १९५३ साली ते पत्नीसह न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे येथे गेले आणि मातीच्या विटांचे एक जुने घर घेऊन राहिले. सांता फे म्हणजे ‘पवित्र श्रद्धा’. स्पॅनिश लोकांनी १६१० साली वसवलेल्या या नगराचे पूर्ण नाव आसिसीच्या संत फ्रान्सिसावरून आहे. गव्हाणीवर वाढलेला मुलगा फिरत फिरत गव्हाणीच्या संताच्या गावी येऊन पोहोचला, याला योगायोग म्हणा किंवा आणखी काही. घराच्या जाड भिंतीतूनच बाके काढली, कोनाडे कोरले, भिंतींवर चित्रे रंगवली. आणि ते घर ते सतत बदलत राहिले. पाहुणा वर्षाने परत आला तर त्याला दुसरेच घर दिसावे, असा प्रकार.

या काळातच त्यांचे नाव सर्वत्र झाले. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीच्या कापड विभागाचे ते १९५२ पासून सुमारे दोन दशके प्रमुख होते आणि तीनशेहून अधिक कापडांची रचना त्यांनी केली. राणी, नारिंगी, गर्द जांभळा हे रंग त्या वेळच्या अमेरिकन दिवाणखान्यात अशिष्ट समजले जात. आमच्या बाजारात लुगड्यांच्या दुकानापुढे उभे राहिल्यास यात बिचकण्यासारखे काय होते असे वाटते. पण तेथील लोक बिचकले खरे. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ‘ला फोंदा देल सोल’ नावाचे उपाहारगृह सजवले; त्यात सूर्याची चिन्हे कितीतरी प्रकारांनी रंगवली आणि काडेपेटीपासून वाढप्याच्या गणवेशापर्यंत सर्व काही स्वतः आखले. १९६५ साली ब्रॅनिफ या विमान कंपनीचा सारा कायापालट केला. लहानमोठे मिळून १७,५४३ बदल केल्याची त्यांची नोंद प्रसिद्ध आहे. ते उपाहारगृह पुढे बंद पडले, ती विमान कंपनीही १९८२ साली बुडाली. मातीचे घोडे मात्र टिकले.

भारताशी त्यांचा जो संबंध आला तो आमच्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात भारतीय वस्त्रे व अलंकरणकला यांचे भव्य प्रदर्शन भरले. त्याची मांडणी जिरार्ड यांची. त्यांनी संग्रहालयात एक काल्पनिक बाजार उभारला: सुमारे ५० फूट लांबीचा पाण्याचा पाट, कडेला सोनेरी खांब, आरसे, आणि वरून सोडलेली रेशमी वस्त्रे पाण्यात प्रतिबिंबित झालेली. याच निमित्ताने उस्ताद अली अकबर खाँ यांचे सरोदवादन तेथे झाले आणि सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा चित्रपट जगात प्रथम त्याच संग्रहालयात दाखवला गेला. प्रदर्शनासाठी पुपुल जयकर तेथे गेल्या होत्या. तेथे त्यांची आणि चार्ल्स ईम्स यांची ओळख झाली. त्या ओळखीतून पुढे भारत सरकारने ईम्स दांपत्यास पाचारण केले. त्यांनी १९५८ साली दिलेल्या अहवालात आपल्या साध्या तांब्याचे, पाण्याच्या लोट्याचे, जे गुणगान आहे ते रचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्या अहवालाचे फळ म्हणजे १९६१ साली अहमदाबाद येथे स्थापन झालेली राष्ट्रीय रचनासंस्था. रोज हातात धरलेल्या लोट्याकडे आपण परकीयाने बोट दाखवल्यावर पाहिले, ही गोष्ट थोडी लागते. पण लागली तरी खरी आहे.

आता गव्हाणींकडे वळतो. जिरार्ड दांपत्य जेथे जाई तेथून खेळणी, बाहुल्या, मातीची चर्चे, कागदी देवदूत, मरणोत्सवाचे साखरेचे सांगाडे आणि गव्हाणी घेऊन येई. मेक्सिको, पेरू, पोलंड, पोर्तुगाल, इटली. शिवाय भारतातील खेळणी. १९६२ साली कॅन्सस सिटीच्या नेल्सन संग्रहालयात त्यांनी आपल्या संग्रहातील गव्हाणींचे प्रदर्शन भरवले. प्रत्येक देशाचा बाळ येशू त्या देशाच्या मातीचा. पेरूच्या गव्हाणीत लामा हा प्राणी श्वास देऊन बाळाला ऊब देतो, मेक्सिकोत मागी लोकांच्या हातात तेथलाच नजराणा असतो. ईशशास्त्रात ज्याला आपण देहधारण म्हणतो ते शिकवावयास धर्मपंडितांना मोठे ग्रंथ लिहावे लागले. येथे कुंभारांनी ते मुठीएवढ्या मातीत सांगितले आहे.

१९७८ साली जिरार्ड दांपत्याने आपला सारा संग्रह न्यू मेक्सिको राज्याला देऊन टाकला. वस्तूंची संख्या १,०६,०००, देश शंभराहून अधिक. सांता फे येथील आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयात त्यासाठी नवे दालन बांधले आणि १९८२ साली ते उघडले. त्यात सुमारे १०,००० वस्तूंची मांडणी जिरार्ड यांनी स्वतः केली. बाजार भरला आहे, बाप्तिस्म्याची मिरवणूक निघाली आहे, आगबोट धक्क्याला लागली आहे, एका ठिकाणी वर स्वर्ग आणि खाली नरक आहे, आणि नेपल्सची गव्हाण आहे. या दालनामागची प्रेरणा सांगताना ते एक इटालियन म्हण वापरीत. ‘तुत्तो इल मोंदो ए पायेझे’, सारे जग आपलेच गाव. कपाटांवर माहितीच्या पाट्या मात्र नाहीत. पाटी वाचू लागला की माणूस वस्तूकडे पाहीनासा होतो, असे त्यांचे मत. ज्याला माहिती हवी त्याने क्रमांक पाहून पुस्तिका उघडावी.

येथे आमचा प्रश्न उभा राहतो.

न्यू मेक्सिकोचा इतिहास थोडा आठवावा लागेल. मेक्सिको १८२१ साली स्वतंत्र झाल्यावर तेथील फ्रान्सिस्कन मिशनरी हळूहळू निघून गेले. डोंगरातल्या गावांना वर्षानुवर्षे धर्मगुरू दिसत नसे. तेव्हा गावच्या सुतारांनी कॉटनवुडच्या मऊ लाकडाचे संत कोरले, पाइनच्या फळ्यांवर संतांची चित्रे रंगवली, आणि प्रापंचिकांच्या बंधुसंघांनी त्यांच्यापुढे प्रार्थना चालू ठेवली. त्या प्रतिमांना ‘सांतोस’ म्हणतात. पुढे १८५१ साली ज्याँ बातीस्त लामी हे फ्रेंच बिशप तेथे आले. मोठे कर्तबगार पुरुष. विला कॅथर यांच्या १९२७ सालच्या प्रसिद्ध कादंबरीतील आर्चबिशप त्यांच्यावरूनच रेखले आहेत. परंतु या ओबडधोबड संतांवर त्यांची मर्जी नव्हती. त्यांच्या जागी युरोपातून प्लास्टरचे गुळगुळीत पुतळे आले, आणि १८८० साली रेल्वे आल्यावर तर स्वस्त छापील चित्रांचा पूर लोटला. लाकडी संत अडगळीत पडले. काही दशकांनी शहरातले कलाप्रेमी आले आणि त्याच अडगळीतून त्यांनी ते उचलले, कधी विकत, कधी मागून, आणि विसाव्या शतकात पुढे पुढे तर चोरांनीही उचलले. ज्या प्रतिमेपुढे आजीने मेणबत्ती लावली ती आता कुणाच्या तरी दिवाणखान्यात, पांढऱ्या भिंतीपुढे, उत्तम प्रकाशात उभी आहे.

हा आदर की अपहार? जिरार्ड यांच्यावर दरोड्याचा आरोप आम्ही करणार नाही. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग बाजारात उघड विकत घेतलेली, विकण्यासाठीच घडवलेली खेळणी आहेत. कुंभाराला त्यातून चार पैसे मिळाले. आणि जे जमवले ते त्यांनी तिजोरीत न ठेवता लोकांस दिले. तरीही दोन गोष्टी आम्हांला खटकतात. पाटी न लावण्याचे तत्त्व पाहणाऱ्याच्या सोयीचे आहे, पण पाटीबरोबर घडवणाऱ्याचे नावही बाजूला जाते. दालनाला जिरार्ड यांचे नाव आहे. ज्याने ती गव्हाण भाजली त्याच्या नावासाठी पुस्तिका चाळावी लागते, आणि पुष्कळांची नावे कधी नोंदलीच गेली नाहीत. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मिलर यांच्या घरातली आद्याक्षरे त्या घरातल्या माणसांची होती, वस्तू आणि माणसे एकमेकांना ओळखत होती. संताची मूर्ती जेव्हा नुसती ‘सुंदर वस्तू’ होते तेव्हा तिच्याभोवतीचा घोळका मोठा होतो आणि तिच्याशी बोलणारे कुणी उरत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला ही भीती होती. १९६३ साली संमत झालेल्या पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात, १२६व्या कलमात, धर्मप्रमुखांना स्पष्ट बजावले आहे की पूजासाहित्य आणि मौल्यवान कलाकृती ही देवाच्या घराची भूषणे आहेत; ती विकली जाणार नाहीत, विखुरली जाणार नाहीत याची त्यांनी कसोशीने काळजी घ्यावी. पुढच्या वर्षांत जगभर काय झाले ते सर्वश्रुत आहे. वेद्या हलल्या, पुतळे उतरले, आणि जुन्या बाजारात संतांना चांगला भाव आला.

वसईला वस्तूंच्या स्थलांतराची कथा नवी नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर आमच्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्यांपैकी दोन आजही पाहावयास मिळतात. त्या तेथे वाजतात, त्यांच्या नादाने लोक हात जोडतात. कधी कधी आम्हांला वाटते की दिवाणखान्यात मुकी झालेल्या घंटेपेक्षा त्या सुखी असाव्यात. हे मत सर्व वाचकांस रुचेल असे नाही.

अगदी जवळचे उदाहरण द्यावयाचे तर आमच्याच एका नातलगाच्या घराचे. लाकडी खांबांचे, मंगलोरी कौलांचे घर. ते पाडून तेथे चार मजल्यांची इमारत झाली. जुन्या घरात ओटीवरून आत शिरताच समोर भिंतीत देव्हाऱ्यासारखी वेदी होती, सागवानी, वर कोरीव कमान, आत पवित्र मरियेची मूर्ती. तिच्यापुढे चार पिढ्यांनी संध्याकाळची रोझरी म्हटली. नव्या सदनिकेत तिला जागा नव्हती, असे ठरले. मुंबईचा एक व्यापारी येऊन वेदी घेऊन गेला. मूर्ती तेवढी ठेवून घेतली, ती आता शीतकपाटावर आहे. पुढे तीच वेदी एका उपाहारगृहात, बाटल्या मांडण्यासाठी, कुणीतरी पाहिली. सजावट उत्तम आहे, असे तो म्हणाला.

नव्या सदनिकेसाठी एक तरुण इंटिरिअर डेकोरेटर बोलावला होता. त्याने संगणकावर चित्रे दाखवली. सगळ्या खोल्या करड्या आणि पांढऱ्या, भिंतीवर एक अमूर्त चित्र, कोपऱ्यात बुद्धाचे मस्तक. कुटुंब ख्रिस्ती आहे याचा त्याला पत्ता असावा किंवा नसावा. विचारण्याची गरज त्याला वाटली नाही. जिरार्ड यांनी मिलर कुटुंबाला पहिली गोष्ट विचारली असती ती ही की तुमच्याजवळ काय काय आहे, ते सगळे आणा पाहू. ५० फुटांच्या त्या कपाटात सागवानी वेदीला जागा निघाली असती याबद्दल आम्हांला शंका नाही. आणि घरच्या बाईला सुई हाती घ्यावी लागली असती, हेही खरे. आमच्या नातलगांनी ती तयारी दाखवली असती का, हे आम्ही त्यांना विचारलेले नाही.

जिरार्ड ३१ डिसेंबर १९९३ रोजी सांता फे येथे निवर्तले. त्यांची चित्रे, नमुने आणि कागदपत्रे १९९६ साली जर्मनीतील व्हिट्रा संग्रहालयाकडे गेली आणि २०१६ साली तेथे त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. बालपणीच्या काल्पनिक देशाचे नकाशे आणि तिकिटेही त्या कागदपत्रांत आहेत. नाताळात आम्ही त्या नातलगांकडे गेलो होतो. त्यांच्या नातवाने दूरदर्शनसंचाखालच्या फळीवर गव्हाण मांडली होती. पेंढा मिळाला नाही म्हणून त्याने खोक्यातला फाटका पुठ्ठा वापरला होता. बेथलेहेमच्या मागे त्याने चार मजल्यांची इमारत रंगवली होती आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या खिडकीत दिवा लावला होता. शीतकपाटावरची मरिया त्याने त्या रात्रीपुरती खाली आणली होती. मापाने ती बाकीच्या बाहुल्यांच्या तिप्पट होती. मेंढपाळ तिच्या गुडघ्यालाही लागत नव्हते.